मदत हवी आहे: बाबांचा १३क्यू डिलीशनचा रिपोर्ट आणि मायक्रोआरएनए चाचणी

पोफळबाग:
नमस्कार. माहेर साखळी, सध्या फोंड्याला असते. बाबा ७१ वर्षांचे. चवथीआधी मोतीबिंदूचं ऑपरेशन उरकून टाकू म्हणून साधं रक्त तपासलं, तर पांढऱ्या पेशी ३८,००० आणि त्यात लिम्फोसाइट ७८ टक्के. मग फ्लो सायटोमेट्री (पेशींचा प्रकार ओळखणारी चाचणी), मग फिश ही गुणसूत्रांची चाचणी (हे नाव ऐकून आईला आधी बाजारच आठवला). निदान सीएलएल, म्हणजे बी-लिम्फोसाइटचा संथ चालणारा रक्ताचा कॅन्सर. बाबांना स्वतःला काहीच होत नाही. परवा माटोळीला (गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची चौकट) सुपारीचे घोस बांधायला शिडीवर चढले होते, आम्ही खालून ओरडतोय.

फिशच्या कागदावर आहे: १३क्यू१४ डिलीशन (१३ व्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला), दोनपैकी एकाच प्रतीत, ६२ टक्के पेशींत. ११क्यू आणि १७पी हे ११ व्या आणि १७ व्या गुणसूत्राचे भाग शाबूत. डॉक्टर म्हणाले, यातल्या यात चांगलं निघालं, औषध नको, तीन महिन्यांनी सीबीसी घेऊन या.

घरी आले तर मावसभाऊ, बायोटेक शिकलेला. २०२४ चं नोबेल मिळाल्यापासून त्याच्या तोंडी मायक्रोआरएनएशिवाय दुसरं काही नाही. त्याचं म्हणणं, कॅन्सरला अडवणारे दोन मायक्रोआरएनए नेमके १३क्यू१४ वरच असतात, तेच उडालेत, मग यात चांगलं काय? आणि एका खासगी लॅबच्या एजंटाने त्याच्याकडून बाबांचा नंबर घेऊन १८,५०० रुपयांची 'मायक्रोआरएनए पॅनल' चाचणी गळ्यात मारायला सुरुवात केलीय. सोबत प्रतिकारशक्ती वाढवणारी पावडर फुकट! बाबा सोप्यावर बसून भिंग लावून रिपोर्ट वाचतात. डिलीशन या शब्दाखाली लाल पेन्सिलीने दोन रेघा मारून ठेवल्यात.

माझे प्रश्न तीन. भाऊ खरं बोलतो का? चाचणी करावी का? आणि गेलेला मायक्रोआरएनए बाहेरून देता येतो का?

रक्तातला_कारकून:
ताई, भाऊ खरं बोलतोय, पण अर्धंच.

डीएनए म्हणजे मामलेदार कचेरीतलं मूळ रजिस्टर धरा. एमआरएनए ही त्याची झेरॉक्स, जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढून आणतो तशी. त्या प्रतीवरून पेशी प्रथिन बनवते. मायक्रोआरएनए म्हणजे साधारण २२ अक्षरांची चिठ्ठी. ती त्या झेरॉक्सवर जाऊन चिकटते, की काम अडलं. प्रत फाडली जाते किंवा तशीच पडून राहते. रजिस्टरला धक्का लागत नाही. १९९३ साली जेमतेम एक मिलिमीटरच्या अळीत हे पहिल्यांदा दिसलं, त्याचंच अँब्रोस आणि रवकुन यांना नोबेल.

आता बाबांचा कागद. मिर-१५ए आणि मिर-१६-१ हे दोन मायक्रोआरएनए १३क्यू१४ वरच बसतात. २००२ साली कार्लो क्रोचे यांच्या गटाने ते सीएलएलमध्येच दाखवलं, आणि कॅन्सरशी मायक्रोआरएनएचं नातं पहिल्यांदा जुळलं ते तिथेच. हे दोघे बीसीएल२ नावाच्या प्रथिनाच्या प्रती अडवतात. बीसीएल२ पेशीला मरू देत नाही. अडवणारे कमी झाले की म्हाताऱ्या लिम्फोसाइट वेळेवर मरत नाहीत आणि साचत जातात. तुमच्या बाबांच्या ३८,००० मागे हेही एक कारण असणार. उंदरांत हाच तुकडा काढून टाकला तर त्यांनाही सीएलएलसारखा आजार होतो.

मग डॉक्टर चांगलं का म्हणाले? कारण ही तुलना निरोगी माणसाशी नाही, सीएलएलच्याच इतर रुग्णांशी आहे. २००० साली डोनर आणि सहकाऱ्यांनी ३२५ रुग्णांचा अभ्यास छापला. १३क्यू निम्म्याहून जास्त जणांत होतं, आणि तेवढं एकच असलेल्यांचं पुढचं मध्यम आयुष्य (निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले) १३३ महिने निघालं. १७पी गेलेल्यांचं ३२. तेही आजची औषधं येण्याआधी. १७पीवर पी५३ हा कॅन्सरला आवरणारा जनुक असतो, तो गेला की खरी पंचाईत. बाबांचा शाबूत आहे. आणि पुढेमागे गरज पडलीच, तर बीसीएल२ लाच धरणारी व्हेनेटोक्लॅक्स ही गोळी २०१६ पासून आहे. चिठ्ठी गेली तरी तिचं काम दुसऱ्या वाटेने करता येतं, ते असं.

चाचणी करू नका. निकाल काहीही आला तरी डॉक्टर आज बाबांचं काही वेगळं करणार नाहीत. शिवाय मिर-१६ तांबड्या पेशींत खच्चून भरलेला असतो. सॅम्पल नेताना हिंदकळून चार पेशी फुटल्या की प्लाझ्मात मिर-१६ भरपूर दिसणार, आणि एजंट म्हणणार, बघा वाढला!

बाहेरून देण्याचं म्हणाल तर प्रयत्न झालेत. मिर-३४ए या दुसऱ्या मायक्रोआरएनएची नक्कल, एमआरएक्स३४, २०१३ पासून रुग्णांना देऊन पाहिली. २०१६ मध्ये थांबवावी लागली. काहींची प्रतिकारयंत्रणाच भडकली आणि त्यात रुग्ण दगावले.

घाटमाथा:
पावडरीबद्दल मी लिहितो, कारण आम्ही फसलोय. आमच्या काकांना सीएलएलच. सहा महिने कसलासा काढा चालला, मग नागीण उठली. तेव्हा डॉक्टरांनी समजावलं की प्रतिकारशक्ती हा एक नळ नाही, जास्त सोडला की झालं. पेशींत एक्सलरेटर आणि ब्रेक दोन्ही लागतात. मिर-१५५ हा मायक्रोआरएनए नसलेल्या उंदरांची प्रतिकारशक्ती लुळी पडते, तोच बी-पेशींत जास्त झाला तर उंदरांना रक्ताचा कॅन्सर होतो. मिर-१४६ए उलट ब्रेक लावतो. आणि सीएलएल हा प्रतिकार करणाऱ्या पेशींचाच आजार. त्या संख्येने ढीगभर, कामाला शून्य. काय वाढवणार? त्यापेक्षा डॉक्टरांना लसींचं विचारा. जिवंत विषाणूची लस या लोकांना देत नाहीत. नागिणीची नवीन लस तशी नाही.

पोफळबाग:
दोघांचेही आभार. एजंटाला नाही सांगितलं, त्याने लगेच १२,००० वर आणली. पावडरीचा डबा आईने माडाच्या आळ्यात रिकामा केला. बाबांना कचेरीची गोष्ट वाचून दाखवली. ते ३० वर्षं तलाठी होते. म्हणाले, म्हणजे प्रत अडवणारा कारकून रजेवर गेलाय, मामलेदार जाग्यावर आहे ना? मग भिंग ठेवून बाजारात गेले.

सीबीसी पुढच्या महिन्यात आहे, तेव्हा नागिणीच्या लशीचं विचारते. घाटमाथा, काकांनी ती घेतली असेल तर नंतर ताप आला का, हात किती दिवस दुखला तेवढं लिहा. मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून बाकीच आहे.