इंटरनेटवरील गुन्ह्याचा फसलेला थरारपट : आपले अनुभव

ग्रेगरी हॉब्लिट दिग्दर्शित ‘अनट्रेसेबल’ हा २००८ सालचा चित्रपट आम्हा नाशिककर मित्रमंडळींनी नुकताच पाहिला. ओलिसाचे थेट चित्रण संकेतस्थळावर दाखवायचे आणि पाहणाऱ्यांची संख्या जितकी वाढेल तितका त्याचा मृत्यू जवळ आणायचा, ही यातील खुन्याची पद्धत आहे. एवढी भेदक कल्पना हाती असूनही बहुतेकांची निराशा झाली. ती नेमकी कुठे झाली, हे सर्वांनी सविस्तर लिहावे. कथानक उघड करण्यास हरकत नाही.

महात्मानगर : मी सातपूरच्या एका कारखान्यात नेटवर्कचे काम पाहतो. सर्व्हरचा, म्हणजे संकेतस्थळ चालवणाऱ्या संगणकाचा, पत्ता सतत बदलत असल्यामुळे संकेतस्थळ बंद पाडता येत नाही, हे चित्रपटातील स्पष्टीकरण मला पटले नाही. पत्ते कितीही बदलले, तरी संकेतस्थळाचे नाव कुठेतरी नोंदवलेले असावेच लागते, आणि ‘डॉट कॉम’ने संपणाऱ्या नावांची मुख्य नोंदवही व्हेरिसाइन या अमेरिकी कंपनीकडेच असल्यामुळे तेथील न्यायालयाच्या आदेशाने असे नाव गोठवता येते. चित्रपटात तपास करणाऱ्या एफबीआयला, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेला, हे सुचू नये?

पंचवटी : मला तांत्रिक बाबी कळत नाहीत, परंतु माझी निराशा अधिक खोल आहे. गोदावरीला पूर आला की होळकर पुलावर मोबाइल उंचावून उभी राहणारी गर्दी मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे, आणि त्या गर्दीतला माणूस क्रूर नसतो, हेही मला ठाऊक आहे. मग तो का थांबतो, चित्रण दुसऱ्याला का पाठवतो, आपल्या पाहण्याने कोणाचा जीव जातो आहे हे कळल्यावरही त्याचे बोट का आवरत नाही, याचा शोध हा चित्रपट घेईल, अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात पाहणाऱ्यांपैकी एकाच्याही घरात तो शिरत नाही. पडद्यावर आकडा तेवढा वाढत राहतो आणि कॅमेरा रक्तस्राव, भाजलेली कातडी, आम्लाची टाकी यांवर रेंगाळतो. पुढे खुन्याच्या वडिलांच्या आत्महत्येचे चित्रण पसरवले गेल्याचा सूड हे कारण पुढे येते, आणि आपणा सर्वांना विचारायचा प्रश्न एका दुखावलेल्या मुलाची खासगी कहाणी होऊन बसतो. याचे मला फार वाईट वाटले.

नाशिकरोड : बँकेतून निवृत्त झालेला मी, या गुन्ह्यांचे दुसरे रूप जवळून पाहिले आहे. आमच्या शेजारच्या काकूंना तोतया पोलिसांनी व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटके’त ठेवले होते, अशा अटकेची कायद्यात तरतूदच नाही, हे त्यांना माहीत नव्हते. तेथे तळघर नव्हते की हत्यार नव्हते, होता तो केवळ न थांबणारा, दरडावणारा आवाज. अशा धाकाने उकळलेली रक्कम काही मिनिटांत भाड्याने घेतलेल्या अनेक खात्यांत विखुरली जाते, म्हणून सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी लागते. त्या धावपळीतील थरार या चित्रपटातील तपासात मला कुठेही जाणवला नाही.

देवळाली कॅम्प : तपास करणाऱ्या एफबीआय अधिकारी स्त्रीच्या भूमिकेतील डायेन लेन यांचा अभिनय मला आवडला. मृत्यूच्या दारातील सहकारी पापण्यांच्या उघडझापीतून मोर्स (ठिपके-रेघांच्या लिपीतले) संकेत देतो, तो प्रसंगही उत्तम आहे. परंतु आपल्या गाडीची यंत्रणा दुरून बंद पाडली गेली आहे हे समजल्यावरही ही कसलेली अधिकारी एकटीच पुन्हा त्याच गाडीत जाऊन बसते, तेथे माझा चित्रपटावरील विश्वास उडाला.