विषय: हीटिंगच्या हिशेबातला कार्बन-कर आणि भाडेकरू

प्रेषक: मृणाल, माइन्झ

सर्वांना सप्रेम नमस्कार.

गेल्या बैठकीत सुधीरकाकांनी युरोपीय संघाच्या हवामान-धोरणाचे भरभरून कौतुक केले. तत्त्व मलाही मान्य आहे. मात्र इथे जर्मनीत घरमालकाकडून आलेल्या हीटिंगच्या वार्षिक हिशेबातील कार्बन-कराची, म्हणजे जाळलेल्या इंधनातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवरील कराची, ओळ वाचल्यापासून एक प्रश्न डोक्यात घोळतो आहे. बॉयलर घरमालकाचा, खिडक्या घरमालकाच्या, भिंतींना इन्सुलेशन करायचे की नाही हा निर्णयही त्यांचाच. मग त्या बॉयलरच्या धुरावरचा कर मी कोणत्या न्यायाने भरायचा? लोकांनी सवयी बदलाव्यात हा कराचा हेतू असेल, तर थर्मोस्टॅट खाली फिरवून घरात स्वेटर घालून बसण्याखेरीज माझ्या हाती काय आहे? फ्रान्समध्ये नोव्हेंबर 2018 मध्ये वाढत्या इंधनकराविरुद्ध लोक पिवळी जाकिटे घालून रस्त्यावर उतरले, ते उगाच नव्हे.

आपली,
मृणाल

प्रेषक: सुधीर, फ्रांकफुर्ट

मृणाल, तुझा प्रश्न रास्त आहे आणि जर्मन संसदेने तो निदान अर्धा तरी मान्य केलेला आहे. 1 जानेवारी 2023 पासून हा कर घराच्या उत्सर्जनानुसार घरमालक आणि भाडेकरू यांच्यात दहा पायऱ्यांनी विभागला जातो. दर चौरस मीटरमागे वर्षाला 12 किलोपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या घरात सगळा कर भाडेकरूचा. 52 किलो किंवा त्याहून अधिक सोडणाऱ्या घरात 95 टक्के घरमालकाचा. समजा, घर 65 चौरस मीटरचे आहे आणि गॅसमुळे वर्षाला दोन टन, म्हणजे दर चौरस मीटरमागे सुमारे 31 किलो, उत्सर्जन होते. 2025 च्या प्रतिटन 55 युरो दराने, मूल्यवर्धित कर धरून, ही रक्कम सुमारे 131 युरो होते आणि तिच्यातील 40 टक्के, म्हणजे सुमारे 52 युरो, घरमालकाने सोसायचे असतात. ही विभागणी हिशेबात दाखवलीच नसेल, तर आपल्या वाट्याचा हीटिंगचा खर्च 3 टक्क्यांनी कमी करण्याचा हक्क भाडेकरूला आहे. तुझ्या हिशेबात ती ओळ आहे का, हे आधी पाहा.

फ्रान्सच्या उदाहरणाबाबत मात्र थोडे वेगळे सांगावेसे वाटते. तेथे लोक केवळ डिझेल महागले म्हणून चिडले नव्हते. ज्या गावांत बस नाही आणि कामावर जायला मोटारीवाचून पर्याय नाही, तेथील माणसांकडून इंधनकर वाढवून घेतला जात असताना त्याच वर्षाच्या आरंभी सरकारने जुना संपत्तिकर रद्द करून केवळ स्थावर मालमत्तेपुरता ठेवला होता. या दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवल्या की संताप समजतो. जानेवारी 2019 ची करवाढ सरकारला अखेर मागे घ्यावी लागली.

ब्रुसेल्सने, म्हणजे युरोपीय संघाने, त्यातून काही धडा घेतला, असे माझे मत आहे. इमारतींची हीटिंग आणि रस्त्यावरील वाहतूक यांच्या इंधनावर संपूर्ण संघात कार्बनचा दर लावणारी नवी व्यवस्था 2027 मध्ये सुरू व्हायची होती, ती आता 2028 वर गेली आहे. पण तिच्या जोडीला, या दराची झळ बसणाऱ्या गरजू कुटुंबांना मदत करणारा, सामाजिक हवामान निधी आहे. मूळ तरतुदीनुसार 2026 ते 2032 या काळात संघाकडून जास्तीत जास्त 65 अब्ज युरो मिळायचे असून योजनांच्या खर्चाचा किमान चौथा हिस्सा सदस्य देशांनी घालायचा आहे. सर्वांत मोठा वाटा पोलंडला आहे. तेथे आजही असंख्य घरे कोळशावर तापतात, हे त्याचे एक कारण.

स्नेहांकित,
सुधीर

प्रेषक: केदार, म्युनिक

सुधीरकाका, निधीचे आकडे मोठे आहेत, परंतु पैसा कोणाच्या दारी पोहोचतो हे पाहावे लागेल. माझेच उदाहरण देतो. आमच्या घरातील तेलाची भट्टी काढून आम्ही विजेवर चालणारा हीट पंप बसवला. मूळ अनुदान 30 टक्के, जुनी भट्टी लवकर बदलल्याबद्दल आणखी 20 टक्के, असे 30,000 युरोंच्या मर्यादेतील निम्मे पैसे, म्हणजे 15,000 युरो, सरकारने दिले. घरातच राहणाऱ्या कमी उत्पन्नाच्या मालकाला आणखी बोनस मिळून हे अनुदान 70 टक्क्यांपर्यंत जाते, हे चांगलेच आहे. पण त्यासाठी आधी स्वतःचे घर हवे! जर्मनीत निम्म्याहून अधिक कुटुंबे भाड्याने राहतात. ती कर भरतात आणि त्या पैशाचा एक भाग माझ्या हीट पंपावर खर्च होतो.

म्हणूनच क्लिमागेल्ड, म्हणजे ‘हवामान-भत्ता’, महत्त्वाचे होते. जमा झालेला कर माणशी सारखा परत द्यायचा, म्हणजे कमी इंधन जाळणाऱ्याला, बहुधा गरिबाला, फायदा व्हायचा. अशा भरपाईची व्यवस्था आणण्याचे 2021 च्या जर्मन सरकारने ठरवले होते. रक्कम कोणाच्याही खात्यात आली नाही. 2022 मध्ये वीजबिलावरील अक्षय ऊर्जेचा अधिभार काढला, हे खरे, पण त्याचा लाभ जास्त वीज वापरणाऱ्याला जास्त मिळाला. ऑस्ट्रियाने 2022 पासून अशीच भरपाई, क्लिमाबोनस या नावाने, प्रत्यक्ष वाटली आणि 2025 मध्ये काटकसरीसाठी बंद केली. कर मात्र चालूच आहे. अशाने लोकांचा विश्वास कसा टिकणार?

आपला,
केदार

प्रेषक: मृणाल, माइन्झ

सुधीरकाका, केदारदादा, मनःपूर्वक आभार. हिशेबात विभागणीची ओळ सापडली. आमचे घर वर्षाला दर चौरस मीटरमागे 29 किलोच्या पायरीवर आहे, त्यामुळे 60 टक्के कर माझ्याकडेच राहतो. विद्यार्थी सभासदांसाठी एक सूचना: गॅसचा करार स्वतःच्या नावावर असेल, तर घरमालकाचा वाटा आपणहून मिळत नाही. गॅस कंपनीचा हिशेब आल्यापासून 12 महिन्यांच्या आत तो लेखी मागावा लागतो. मजकूर जर्मनमध्ये कसा लिहायचा, असा प्रश्न असल्यास मला कळवावे. मी मसुदा तयार करून पाठवते.

मृणाल