मदत हवी आहे: पिरेनीजमध्ये सायकलवर घाट + जुनी गावं (रूट, दिशा, गियर)

सावकाश_चाक:

नमस्कार मंडळी,

पुढच्या वर्षी मी आणि नवरा फ्रान्सच्या पिरेनीजमध्ये सायकली घेऊन जायचं म्हणतोय, जून नाहीतर सप्टेंबर. दोघंही चाळिशीच्या पुढचे, पुण्यातले, सिंहगड नेहमीचा, पसरणी आणि आंबेनळी झालेत, नवऱ्याच्या बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड) झाल्यात, माझ्या नाहीत आणि करायच्याही नाहीत. गोम अशी की त्याला टूर दे फ्रान्स शर्यतीतले घाट हवेत आणि मला गावं. म्हणजे दगडी चर्च, तटबंदी, अरुंद गल्ल्या, दुपारी तिथल्या चौकात दोन तास बसायचं. त्याचा प्लॅन बघितला तर एका दिवसात दोन-दोन घाट टाकलेत आणि गावं फक्त पाणी भरायला!

आत्ताचा रूट असा आहे. विमानाने तुलूझ, तिथून ट्रेनने मोंत्रेजो, सायकली जोडायच्या आणि पहिल्यांदा सां-बेर्त्राँ-द-कोमाँज. हे गाव माझ्यासाठी नंबर एक आहे, खाली रोमन शहराचे अवशेष आणि वर टेकडीवर बाराव्या शतकात सुरू झालेलं कॅथेड्रल, स्पेनमधल्या सांतियागोच्या ख्रिस्ती यात्रेच्या वाटेवरचं, १९९८ पासून युनेस्कोच्या यादीत. मग (ज्यांची उंची लिहिलीय ते घाट, सुलोरही घाटच) ल्युशों, पेरसूर्द (१५६९ मी), आरो, आस्पँ (१४८९ मी), सांत-मारी-द-कांपाँ, टूर्माले (२११५ मी), लुझ, आर्जलेस, सुलोर, ओबिस्क (१७०९ मी), लारुन्स, पो. पो वरून ट्रेनने परत तुलूझ.

प्रश्न:
१) पूर्वेकडून पश्चिमेला जावं की उलट?
२) सामान किती न्यावं? कॅम्पिंग नाही करणार, खोल्या घेणार.
३) माझ्या सायकलला शिमानोचे सोरा गियर, ९ स्पीड, पुढच्या चकत्या ५०/३४ दातांच्या, मागच्या ११-३२. पॅनियर (कॅरियरला लटकवायच्या बॅगा) लावून हे चढेल का? सिंहगडाला शेवटी शेवटी उभी राहून मारते, पण तिथे सामान नसतं.
४) नवरा शाकाहारी, अंडं चालतं. उपाशी मरेल का?

हे घाट आपल्यापेक्षा किती वेगळे आहेत तेही सांगा. चढाची टक्केवारी वाचून डोक्यात काही शिरत नाही.

चेनल्यूब:

ई-बाईक भाड्याने घ्या की, कशाला जिवाला त्रास :)

सावकाश_चाक:

नवरा घटस्फोट देईल.

तुलूझकर:

मी कामानिमित्त इथेच असतो, हा भाग बऱ्यापैकी पायाखालचा आहे म्हणून लांबलचक लिहितो, सांभाळून घ्या.

ताई, पहिलं म्हणजे दिशा उलटी करा. पो वरून सुरू करून सां-बेर्त्राँला संपवा. कारण टूर्माले. कांपाँकडून चढलात तर खालचे काही किमी एकदम निवांत आणि मग ला माँजीपर्यंत सलग ८-९ टक्के, रस्त्यावर बर्फापासून वाचायला बांधलेल्या काँक्रीटच्या गॅलऱ्या, आणि ला माँजी म्हणजे स्कीइंगसाठी उभ्या केलेल्या बिल्डिंगी, उन्हाळ्यात भकास दिसतं. लुझच्या बाजूने मात्र बारेज गाव लागतं आणि त्याच्या वर जुना रस्ता आहे, गाड्यांना बंद, फक्त सायकलवाल्यांसाठी, फ्रेंच सायकलपटू लोराँ फिन्योंचं नाव दिलंय त्याला. गायी-मेंढ्यांशिवाय कोणी नाही. चढायचंच आहे तर तिथून चढा.

आता आपल्या भाषेत. लुझ ७०० मीटरच्या आसपास आहे, तिथून माथा १९ किमी, म्हणजे चढाई १४०० मीटर. पोलादपूरहून आंबेनळीने महाबळेश्वरला ४० किमीत साधारण तेवढंच चढता, इथे निम्म्या अंतरात. आंबेनळीला मध्ये पाय मोकळे करायला सपाटी मिळते तशी इथे मिळत नाही, सरासरी ७ च्या वर आणि ती खरोखर ७ च्या वर. पण खड्डे नाहीत, मागून हॉर्न मारणारा एसटीवाला नाही, आणि दर किलोमीटरला पाटी असते, माथा किती दूर आणि पुढचा किमी किती टक्के. काहींना ती पाटी बघून बरं वाटतं, माझ्या बायकोला शिव्या घालाव्याशा वाटतात.

गावांबद्दल. नवऱ्याला सांगा की मुक्काम घाटाच्या पायथ्याच्या गावात करायचा, म्हणजे घाट सकाळी होतो आणि दुपारपासून गाव तुमचं. हे नुसतं तुमच्या सोयीसाठी नाही, उन्हाळ्यात दुपारनंतर इथे वादळी पाऊस येतो आणि विजा चमकताना माथ्यावर असणं चांगलं नाही. लुझला अख्खा अर्धा दिवस ठेवा. तिथलं सां-आंद्रे चर्च बाराव्या शतकातलं आणि चौदाव्यात त्याच्याभोवती तटबंदी बांधली, बुरूज-जंग्यांसकट. चर्च आहे की गढी कळत नाही. लोक टेम्पलरांचं म्हणून सांगतात पण तट बांधला हॉस्पिटलरांनी (दोन्ही धर्मयुद्धांच्या काळातले ख्रिस्ती योद्धा-साधूंचे पंथ). आर्जलेसच्या जरा वर सां-सावाँ आहे, जुना मठ, छोटासा चौक, समोर दरी. तिथे तुमचे दोन तास कुठे गेले कळणार नाही.

आरो तर चुकवूच नका. आस्पँ आणि पेरसूर्दच्या बरोबर मधे, लाकडी पट्ट्यांची जुनी घरं, बाजाराचा मांडव, मधून दोन नद्या. उलट्या दिशेने आस्पँ कांपाँकडून येतो, तो बाजू बदलल्यावर फारच प्रेमळ आहे, सरासरी ५. म्हणजे पसरणीसारखाच, वाईहून पाचगणी समजा.

आणि नवऱ्यासाठी: सांत-मारी-द-कांपाँला थांबा. १९१३ च्या टूरमध्ये अझेन क्रिस्तोफ या सायकलपटूचा फोर्क (पुढचं चाक धरणारा दांडा) टूर्माले उतरताना मोडला, सायकल खांद्यावर घेऊन चालत खाली आला आणि इथल्या लोहाराच्या भट्टीत स्वतः जोडला, कारण नियमाने बाहेरची मदत चालत नव्हती. भाता मारायला एका पोराचा हात लागला म्हणून वर पेनल्टी! तिथे त्याचा पुतळा आहे.

चेनल्यूब:

ओबिस्कवरचा व्हान एस्ट विसरलात. १९५१ ची टूर, अंगावर पिवळी जर्सी (शर्यतीत आघाडीवर असणाऱ्याची), उतारावर दरीत पडला आणि टायर एकमेकांना बांधून त्या दोराने वर काढला. ताई, ब्रेक पॅड नवे टाका.

गियरचं सीरियसली सांगतो. पुढे ३४ ला मागे ३२ म्हणजे ६० कॅडन्सला (मिनिटाला ६० वेळा पेडल फिरवलं तर) ताशी ८ किमी. ८ टक्क्यांवर, तुम्ही + सायकल + सामान मिळून ९० किलो धरलं तरी तो वेग तासभर टिकवणं जड आहे. वेग कमी केला की कॅडन्स ४५-५० आणि मग गुडघे. ११-३४ कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) सोराच्या लांब केजच्या डिरेलरवर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, केज म्हणजे त्याचा खालचा हात) बसते पण फरक किरकोळ. खरा उपाय म्हणजे ९ स्पीडचा जुना माउंटन बाईकचा मागचा डिरेलर लावा, शिमानोचा, तो सोराच्या ९ स्पीड लिव्हरबरोबर चालतो. मग ११-३६ आरामात. १० स्पीडचा माउंटनवाला घेऊ नका, त्याचा केबल पुल (दर गियरला केबल किती ओढली जाते ते) वेगळा, गियर नीट बसणार नाहीत. दुकानदार "चालून जाईल" म्हणेल, ऐकू नका.

सावकाश_चाक:

बापरे, दोघांनाही खूप खूप धन्यवाद!! दिशा उलटी करायचं नवऱ्याने लगेच मान्य केलं, बारेजचा जुना रस्ता ऐकून. एका दिवसात दोन घाट मात्र अजून धरून बसलाय, ओबिस्क-सुलोर एकत्र करायचे म्हणतो.

तुलूझकर:

त्यात तो बरोबर आहे :) लारुन्सहून ओबिस्क १६-१७ किमी, पहिला भाग सोपा, ओ-बॉन गाव गेलं की खरा घाट. पण माथ्यावरून सुलोर १० किमीवर, बराचसा उतारच, शेवटी दोनेक किमी चढ. तो कड्यातून काढलेला रस्ता या अख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात देखणा तुकडा आहे, तिथे घाई करायची नाही. मधे लहान बोगदे आहेत, आत अंधार, पुढे-मागे लाईट लावा. आर्जलेसहून लुझकडे जाताना पिएरफितपर्यंत जुन्या रेल्वेमार्गावर सायकल रस्ता आहे, मेन रोड घेऊ नका.

सामान: रात्री घालायचे कपडे, रेनकोट, आणि उतरण्यासाठी गरम जॅकेट + पूर्ण बोटांचे हातमोजे. घामाने भिजून २००० मीटरवरून खाली उतरताना सप्टेंबरमध्येसुद्धा दात वाजतात. बाकी घरी ठेवा. दोघांत मिळून दोन मागचे पॅनियर, पुढे काही नको. जून म्हणाल तर शेवटचा आठवडा, टूर्माले कधीकधी जूनपर्यंत बर्फाने बंद असतो. मला विचाराल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. जुलैत तर येऊच नका, टूर असली की रस्ते बंद आणि खोल्या मिळत नाहीत.

शाकाहार: ऑम्लेट, मेंढीच्या दुधाचं चीज, ब्रेड, सॅलड. गार्ब्यूर म्हणून सूप सुचवतील, भाज्या दिसतात पण मांस असतं. पेरसूर्दच्या माथ्यावर क्रेपवाला (पातळ धिरडी विकणारा) आहे, साखरेचे क्रेप मागवा. दुकानं दुपारी बंद होतात आणि सोमवारी बेकरीही बऱ्याच ठिकाणी बंद, तेव्हा बॅगेत कायम काहीतरी ठेवा. शेंगदाण्याचे लाडू आणलेत तर उत्तम. आणि कळपाबरोबर मोठे पांढरे कुत्रे दिसले तर सायकलवरून उतरा, सायकल मधे ठेवून हळू चाला, ओरडू नका.

सावकाश_चाक:

सप्टेंबर फायनल करतोय. व्हिसाची अपॉइंटमेंट आणि तीस हजार युरोचा इन्शुरन्स नवऱ्याकडे सोपवलाय, खोल्या माझ्याकडे, म्हणजे मुक्काम कुठे ते मीच ठरवणार. लुझ, आरो आणि सां-बेर्त्राँला दोन-दोन रात्री टाकल्यात, त्याला अजून सांगितलेलं नाही.

९ स्पीडचा माउंटनवाला डिरेलर पुण्यात कोणाकडे पडून असेल तर प्लीज व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, लांब केजचाच हवा.