कोठडीतील मृत्यू, आरोपीच्या पिंजऱ्यातील पोलीस अधिकारी आणि आपल्या घरातले वाद: अनुभव लिहा

कर्वेनगरची सून

परभणीच्या विधी शाखेतील विद्यार्थ्याचा डिसेंबर २०२४ मध्ये कोठडीत मृत्यू झाला. त्या प्रकरणी गुन्हा नोंदवण्याचा औरंगाबाद खंडपीठाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये कायम ठेवला. ती बातमी आमच्या नातेवाइकांच्या गटावर आज कोणीतरी पुन्हा टाकली आणि तासाभरात तिथे दोन तट पडले. ते पाहताना मला एप्रिल २०२१ ची आठवण झाली.

तेव्हा माझी नणंद अमेरिकेत मिनियापोलिसजवळ राहत होती आणि जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूबद्दल डेरेक शॉविन या पोलीस अधिकाऱ्यावर तिथे खटला चालू होता. सुनावणीचे थेट प्रक्षेपण होत असे, आणि तिकडचे सकाळचे कामकाज म्हणजे आमची संध्याकाळची साडेसातची, नेमकी पोळ्यांची वेळ. आपल्याकडे करोनाचे निर्बंध होते, कोणाला कुठे जायचे नव्हते, त्यामुळे सगळे घर पडद्यासमोर बसे. माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, पोलीस खात्यातून निवृत्त झालेले आहेत. रस्त्यावर निर्णय क्षणात घ्यावा लागतो आणि वकील त्याची चिरफाड महिनाभर करतात, हे त्यांचे म्हणणे पहिल्या दिवसापासून होते. नणंदेचे म्हणणे असे की माणसाच्या मानेवर नऊ मिनिटे एकोणतीस सेकंद गुडघा दाबून ठेवणे म्हणजे क्षण नव्हे. व्हिडिओ कॉलवर बापलेकीची इतकी जुंपत असे की आई मध्येच आवाज बंद करून टाकत.

मग एके दिवशी त्या शहराचे पोलीसप्रमुख स्वतः साक्षीला आले आणि ही कृती आमच्या प्रशिक्षणाला व धोरणाला धरून नव्हती, असे त्यांनी शपथेवर सांगितले. अण्णांनी त्या साक्षीतला एकही शब्द खोडून काढला नाही. ते एवढेच म्हणाले, "आपल्याकडे कोणता आयुक्त आपल्या माणसाविरुद्ध असा उभा राहील, ते सांगा." दोषी ठरवल्याचा निकाल आपल्याकडच्या वेळेनुसार पहाटे अडीचच्या सुमारास आला. पुढे साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली, तरी आमच्या घरातला वाद मिटला नाही, कारण तो मुळात शॉविनबद्दल नव्हताच.

ज्यांनी असा वाद जवळून पाहिला आहे त्यांनी लिहावे. चालू खटल्यांत कोण दोषी, याचा निवाडा मात्र येथे नको.

शनिपारचा रहिवासी

आमच्या वाड्यात हा वाद "पोलिसांनाही बायकापोरे असतात" या वाक्याने सुरू होतो आणि त्याच वाक्यावर येऊन थांबतो. मधला अर्धा तास शेजाऱ्यांची फुकट करमणूक होते. मेलेल्यालाही बायकापोरे होती, असे माझ्या मावशीने एकदा म्हटले, तेव्हापासून तिला चहाच्या वेळी विषय बदलायला सांगतात.

लाईनीतली मुलगी

मी पोलीस लाईनीत वाढले, त्यामुळे मला हा वाद दाराच्या आतून ठाऊक आहे. कोणती लाईन आणि कोणते ठाणे, ते लिहीत नाही.

बाबा हवालदार होते. त्या रात्री त्यांची लॉकअप गार्ड म्हणून ड्यूटी होती. चोरीच्या संशयावरून आणलेला एक तरुण पहाटे रुग्णालयात नेईपर्यंत दगावला आणि तपास पथकाच्या उपनिरीक्षकावर गुन्हा दाखल झाला. बाबा आरोपी नव्हते, ते साक्षीदार होते. खरा पेच इथेच असतो, कारण कोठडीत काय झाले हे पाहणारे दुसरे कोणी नसतेच. एक तर दुसरा आरोपी पाहतो, नाहीतर आमच्यासारख्यांचे वडील पाहतात.

बाहेर एका बाजूने अधिकाऱ्याला फाशी द्या म्हणून मोर्चा निघाला, आणि त्याच आठवड्यात बाजारपेठेतील व्यापाऱ्यांनी त्याच अधिकाऱ्याच्या समर्थनार्थ निवेदन दिले, कारण तो आल्यापासून दुकानफोड्या थांबल्या होत्या. लाईनीत त्याच्या वकिलासाठी वर्गणी निघाली. आईने वर्गणी दिली. बाबा रागावले नाहीत, पण साक्षीत त्यांनी स्टेशन डायरीतल्या नोंदीची वेळ आणि त्या मुलाला आतल्या खोलीतून परत आणल्याची वेळ या दोन्ही जशा होत्या तशा सांगितल्या. त्या दोन वेळांमध्ये बराच फरक होता.

त्या संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकवाला लाईनीतली एकही बाई आली नाही. आईने वाणाच्या वीस प्लास्टिकच्या चाळण्या आणल्या होत्या, त्या नंतर कितीतरी वर्षे आमच्या माळ्यावर पडून होत्या. मोर्चावाल्यांपैकीही कोणी आमच्या दारात आले नाही, कारण त्यांच्या लेखी बाबाही खाकीतलेच होते.

हडपसर

ताई, वाचून फार वाईट वाटले. खटल्याचा निकाल काय लागला आणि वडिलांच्या नोकरीचे पुढे काय झाले, हे सांगता येत असेल तर अवश्य सांगा.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी

मी शासकीय सेवेत अनेक वर्षे शवविच्छेदने केली. कोठडीतील मृत्यूचे शवविच्छेदन नेहमीच्या शवविच्छेदनासारखे नसते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या सूचनेनुसार त्याचे चित्रीकरण करावे लागते आणि असा मृत्यू चोवीस तासांत आयोगाला कळवावा लागतो. त्वचेवर वळ दिसले नाहीत म्हणजे मार नव्हता, असा निष्कर्ष काढता येत नाही. तळपाय, मांड्यांचा मागचा भाग आणि नितंब येथे त्वचा उघडून आतले थर पाहिले, तर बाहेरून न दिसणारा रक्तस्राव सापडू शकतो. एवढे कष्ट घेतले नाहीत तर अहवालात "हृदयविकार" लिहून मोकळे होता येते.

बाहेर व्हरांड्यात नातेवाइक आणि पोलीस एकाच बाकड्यावर बसलेले असत आणि दोघांचाही माझ्यावर सारखाच अविश्वास असे. एकदा एका स्थानिक पुढाऱ्याने मला विचारले की तुम्ही आमच्या बाजूचे की त्यांच्या. फॉर्म्यालिनच्या बाटलीवर मी लेबल चिकटवत होतो, त्यामुळे उत्तर देण्याची गरज पडली नाही. मृताला आधीपासून दमा किंवा हृदयविकार होता, हा बचाव शॉविनच्या खटल्यातही झाला आणि आपल्याकडे तो कायमचाच आहे. आजारी माणसाला मारल्यावर तो लवकर मरतो, एवढाच त्याचा वैद्यकीय अर्थ आहे.

कोथरूड डेपो

डॉक्टरसाहेबांचे शेवटचे वाक्य आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर लावावे असे वाटते, पण मग वार्षिक सभा व्हायचीच नाही.

आमचा अनुभव उलट्या दिशेचा आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे घरफोडी झाली आणि सासूबाईंच्या पाटल्या गेल्या. संशयित सापडल्यावर आम्हाला ठाण्यात बोलावले. तिथल्या अधिकाऱ्याने अत्यंत सौजन्याने सांगितले की माल कुठे दिला ते हा बोलत नाही, पण बोलेल. माझे दीर, जे एरवी मानवी हक्कांवर तासभर बोलू शकतात, ते म्हणाले, "साहेब, तुमच्या पद्धतीने बघा." खोलीत कोणालाही ते खटकले नाही. पाटल्या परत मिळाल्या आणि आम्ही पेढे दिले. कोठडीतल्या मृत्यूची बातमी आली की दीर आजही पोलिसांना शिव्या देतात, आणि सासूबाई हातातल्या पाटल्या मागेपुढे करत त्यांच्याकडे नुसत्या पाहतात.

सांगलीहून पुण्यात

सांगलीचे २०१७ चे प्रकरण सर्वांना आठवत असेल. पोलीस कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला, तो पळून गेल्याचे सांगण्यात आले आणि मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला, असा पोलिसांवर आरोप ठेवण्यात आला. त्या वेळी सांगली बंद होती. माझा मामेभाऊ तेव्हा पुण्यात माझ्याच खोलीवर राहून पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे धावायला जायचा, भिजवलेले हरभरे खायचा आणि आल्यावर सामान्य ज्ञानाचे पुस्तक उघडायचा. खोलीतला तिसरा मित्र त्याला रोज डिवचायचा की तू याच खात्यात जाणार का. भाऊ चिडून म्हणायचा की एका ठाण्यातल्या चार माणसांमुळे लाखभर लोकांना नावे ठेवू नका. मित्र म्हणायचा की मग त्या लाखातल्या कोणीतरी जाहीर बोलावे.

भाऊ पुढे भरती झाला. मागच्या दिवाळीत त्याने सांगितले की आरोपीला अटक केली की नातेवाइकाला कळवल्याची सही तो आधी घेतो, जेवण नंतर. त्याचे सहकारी त्याला त्यावरून "वकीलसाहेब" म्हणतात.

प्रभात रस्ता

संजीव भट्ट यांच्या खटल्याच्या वेळी आमच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींत जे झाले, ते मला सगळ्यात बोलके वाटते. प्रकरण १९९० चे, जामजोधपूरचे. दंगलीनंतर पकडलेल्यांपैकी एकाचा सुटकेनंतर रुग्णालयात मृत्यू झाला होता. त्याबद्दल जून २०१९ मध्ये जामनगरच्या न्यायालयाने या माजी पोलीस अधिकाऱ्याला जन्मठेप दिली. तोपर्यंत भट्ट हे गुजरात सरकारचे कडवे टीकाकार म्हणून देशभर ओळखले जात होते. त्यामुळे आयुष्यभर पोलिसांची बाजू घेणारे आमचे निवृत्त बँक अधिकारी एका रात्रीत कोठडीतील छळाचे विरोधक झाले, आणि दर मोर्चाला जाणारे आमचे प्राध्यापक हा खटला सूडाचा आहे असे म्हणू लागले. मेलेल्या माणसाचे नाव दोघांपैकी एकालाही सांगता आले नाही. मी ते विचारले, म्हणून दोघेही माझ्यावरच रागावले.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना गोळी लागून मेलेल्या बदलापूरच्या आरोपीचे प्रकरण मी मुद्दाम काढत नाही. तेव्हा लोकांनी पेढे वाटले होते, आणि गोळी डोक्यातच कशी लागली, पायावर का झाडली नाही, असे उच्च न्यायालयाने विचारल्यावर त्याच लोकांनी न्यायालयालाही सोडले नाही.

शिवाजीनगर कोर्टातला जुना वकील

वरील सर्व अनुभवांत एक गोष्ट राहून जात आहे, म्हणून लिहितो. लोक वाद घालतात ते मेलेला माणूस चांगला होता का आणि अधिकारी कर्तबगार होता का, यावर. न्यायालयात या दोन्ही प्रश्नांना फारशी किंमत नसते. तिथे प्रश्न असतो तो अटकेची वेळ, वैद्यकीय तपासणीची वेळ, मृत्यूची वेळ आणि या तिन्हींच्या मधल्या काळात माणूस कोणाच्या ताब्यात होता, याचा. लाईनीतल्या ताईंच्या वडिलांनी नेमके तेवढेच सांगितले, म्हणून त्यांची साक्ष मोलाची.

अटकेचे नियम घालून देणारा सर्वोच्च न्यायालयाचा डी. के. बसू निकाल डिसेंबर १९९६ चा आहे. अटकेचा पंचनामा, त्यावर साक्षीदाराची व अटक झालेल्याची सही, नातेवाइकाला कळवणे, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी, हे सगळे तेव्हापासून बंधनकारक आहे. कोठडीत इजा झाली तर ती संबंधित पोलिसानेच केली असे न्यायालयाला गृहीत धरता यावे, अशी शिफारस विधी आयोगाने १९८५ मध्येच केली होती. ती अजून कायद्यात आलेली नाही. परिणाम असा की २००१ ते २०२० या वीस वर्षांत देशात १,८८८ कोठडी मृत्यू नोंदले गेले आणि शिक्षा झाली ती २६ पोलिसांना. आपल्या राज्यात अशा प्रकरणांचा तपास बहुधा सीआयडीकडे जातो, आणि तिचे मुख्यालय येथेच पाषाण रस्त्यावर आहे. पण सीआयडीतही पोलीसच असतात, ही नातेवाइकांची तक्रार मी आयुष्यभर ऐकली आणि तिला माझ्याकडे चांगले उत्तर नाही.

हडपसर

वकीलसाहेब, अमेरिकेसारखे बारा सामान्य नागरिक बसवले तर आपल्याकडे शिक्षेचे प्रमाण वाढेल का?

शिवाजीनगर कोर्टातला जुना वकील

मला तसे वाटत नाही. ज्युरी आपल्याकडेही होती, आणि १९५९ च्या नानावटी खटल्यात पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकाऱ्याला तिने निर्दोष ठरवले, ते आपण जाणता. वर कोथरूडच्या बाईंनी पेढ्यांचा प्रसंग लिहिला आहे. ते बारा जण त्याच खोलीतून येणार.

कर्वेनगरची सून

हे सगळे मी अण्णांना वाचून दाखवले. डॉक्टरांच्या आणि हवालदारांच्या अनुभवावर ते काही बोलले नाहीत. वकीलसाहेबांच्या आकड्यावर मात्र त्यांचा आक्षेप आहे. त्यातले बरेच मृत्यू आजारपणाचे आणि आत्महत्येचे म्हणून नोंदलेले असतात, ते लिहायला हवे होते, असे त्यांचे म्हणणे आहे. नणंदेला कळवले, तर तिने लगेच उत्तर पाठवले की तशी नोंद कोण करतो, ते अण्णांना विचार. आज रात्री पुन्हा कॉल आहे.

लाईनीतली मुलगी

हडपसरकरांना उत्तर द्यायचे राहिले होते. खालच्या न्यायालयात तो अधिकारी निर्दोष सुटला. बाकीचे साक्षीदार फितूर झाले होते आणि एकट्या बाबांच्या साक्षीवर शिक्षा देता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. बाबांवर खात्याने कारवाई काही केली नाही, फक्त पुढची सगळी वर्षे त्यांना ठाण्याची ड्यूटी मिळाली नाही. ते मुख्यालयात बंदोबस्ताच्या याद्या करत राहिले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्या मुलाच्या आईने वरच्या न्यायालयात अपील केले आहे, ते अजून सुनावणीला आलेले नाही. तिच्या वकिलाने मागच्या महिन्यात बाबांच्या साक्षीची नक्कल आमच्याकडे मागितली होती. ती न्यायालयातूनच घ्यावी लागते, हे बाबांनी त्यांना सांगितले आणि अर्जात कोणत्या तारखेची साक्ष मागायची, तेही सांगितले.