बेस (गिटार) पडला, टवका उडाला, पट्ट्याचा स्क्रूही सैल. काय करू?

चारतारा: मंडळी मदत करा. रविवारी मंडळाच्या कार्यक्रमात वाजवताना खांद्याचा पट्टा सुटला आणि बेस थेट स्टेजच्या कडेवर आपटला, खालच्या कोपऱ्यावर रुपयाएवढा टवका उडालाय, आतलं लाकूड दिसतंय, पोचाही आलाय आणि पट्ट्याच्या बटणाचा स्क्रू नुसताच फिरतोय. फेंडर कंपनीच्या जॅझ बेस मॉडेलची काळी कॉपी आहे, सेकंडहँड. सुतार म्हणतो सगळा घासून नवा रंग मारून देतो. देऊ का?

रंधा: अजिबात नको!! असल्या बेसवर बहुतेक वेळा पॉलिएस्टर नाहीतर पॉलियुरेथेनचं फिनिश (रंगाचा कडक थर) असतं, दगडासारखं. ते घासता घासता कडा गोल होतात आणि नेक (लांब दांडी) बसते ती खाच सैल झाली तर मग रडत बस. आधी स्क्रूचं बघ, पडला तो त्याच्यामुळेच ना? भोकात फेविकॉल सोड, टूथपिक ठासून भर, वर आलेल्या कापून टाक आणि एक दिवस हात लावू नकोस. मग स्क्रूहून बारीक ड्रिल मार, स्क्रूला मेणबत्ती चोळ आणि पिळ.

चारतारा: आणि पोचा? ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवतात म्हणे

रंधा: फिरवतात, पण फक्त उघड्या लाकडावर, सोल्डरिंग गनच्या टोकाने केलंस तर अजून बरं. वाफेने दबलेलं लाकूड फुगून वर येतं. तुटलेलं येत नाही. आणि रंगाच्या कडेला जास्त वाफ दिलीस तर तो अजून सुटेल.

घासूनपुसून: रंगाचं मी सांगतो, दोन बेस केलेत (पहिला बिघडवलाय). नेक काढून खाचेत कापसाने जरासं थिनर लावून बघ. रंग चिकट झाला तर तो नायट्रो लॅकर (थिनरने विरघळणारा रंग), मग खाली सांगतोय ते करू नकोस. पण शक्यता कमी, फेंडरनेसुद्धा 1960 च्या दशकाच्या शेवटी पॉलिएस्टर धरलं. चिकट नाही झाला तर गाडीचा काळा टचअप ब्रशने लाव, पूर्ण वाळू दे, मग फेविक्विक थेंब थेंब, एक थर वाळला की दुसरा, आजूबाजूच्या रंगापेक्षा किंचित वर येईपर्यंत. मग भोवती टेप लावून सपाट ठोकळ्यावर पाणीपेपर, 800, 1000, 1500, 2000 नंबरचा क्रमाने, शेवटी कंपाउंड (चमक आणायची पेस्ट). बोटाने घासलंस तर खड्डा पडणार, माझा पडला तसाच.

बेसूर: मी असतो तर टवका तसाच ठेवला असता, आवाजात काडीचा फरक नाही. पण उघडं लाकूड पावसाळ्यात ओल धरतं, निदान फेविक्विकचा एक हात मार.

चारतारा: अपडेट. सात टूथपिक लागल्या, स्क्रू घट्ट बसला, दुसऱ्या बाजूचाही हलत होता तोही केला. वाफेने पोचा अर्धा वर आला. बाइकचा काळा टचअप घरातच सापडला, पण तो मॅट निघाला, वर फेविक्विक आणि कंपाउंड केल्यावर चमकेल ना?

घासूनपुसून: चमकेल, वरचा थरच चमकतो. बाटलीचं झाकण पंख्याखाली उघडू नकोस फक्त.