कोपरा हवा, पण कूलरपासून लांब

‘उन्हाळ्यात मुलांचा खेळायचा कोपरा कूलरच्या खिडकीशीच मांडा, दुपारभर पोट्टे तिथून हलत नाहीत’ असा सल्ला कुणीतरी दिलाय. हलत नाहीत हे शंभर टक्के खरं! पण जागा मला पटली नाही. आपल्याकडचे डेझर्ट कूलर बहुधा लोखंडी पत्र्याचे. पाणी आणि वीज एकाच पेटीत. अर्थिंग (गळालेली वीज जमिनीत नेणारी वायर) सुटलेलं असलं आणि आत कुठे वीज गळाली की पत्र्यात करंट उतरतो आणि मुलं ओल्या हातांनी, अनवाणी तिथेच खेळत असतात. मागच्या मे महिन्यात मलाच पाणी भरताना झिणझिणी आली. इलेक्ट्रिशियनने प्लगमधली अर्थची वायर तुटलेली दाखवली. तेव्हापासून बटण बंद आणि प्लग काढल्याशिवाय पाइप लावायचा नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घेतला.

आता मुलांची सतरंजी कूलरसमोरच्या भिंतीशी असते, वारा तिथवर येतोच. दारही थोडं उघडं ठेवतो, नाहीतर नुसता दमटपणा साठतो. चित्रकलेच्या वह्या आणि पत्ते मात्र झाकणाच्या डब्यात, ओलाव्याने पार लोळागोळा होतात. मेणाचे खडू गच्चीखालच्या तापणाऱ्या खोलीत ठेवू नका. आमचे सगळे एकमेकांना चिकटून बसले.