हवा भरूनही टायरचा पिवळा दिवा जात नाही, रिसेट कसं करायचं?

खानापूर_रोड
चारही चाकांत पंपावर ३३ हवा भरून घेतली, तरी मीटरमधला उद्गारचिन्हाचा पिवळा दिवा तसाच आहे. स्क्रीनवर चाकांचे आकडे येत नाहीत, नुसता दिवा. पंक्चरवाला म्हणतो सेन्सर बघायला टायर उतरवावे लागतील. दुसरा सांगतोय बॅटरीची वायर काढून ठेवा. शिवाय चोर्ला घाट उतरून गोव्याला गेलं की उंचीच्या फरकाने दिवा लागतो म्हणतात, हे खरं का?

पाना_पक्कड
टायर उतरवू नका. आकडे येत नाहीत म्हणजे चाकात सेन्सर नसण्याचीच शक्यता जास्त. अशा गाड्या एबीएसकडून (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) चाकांचे फेरे मोजतात. हवा कमी झालेलं चाक किंचित बसतं आणि तेवढ्याच अंतरात जास्त फेरे मारतं, त्यावरून गाडी अंदाज बांधते. टायगुन, कुशाक याच पद्धतीच्या. तुम्ही हवा भरलीत हे अशा गाडीला आपोआप कळत नाही, सांगावं लागतं.

आधी हवा नीट करा, मग रिसेट. हे उलट केलंत तर कमी हवाच बरोबर म्हणून गाडी शिकून बसते आणि पुढे खरं पंक्चर झालं तरी गप्प राहते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर बघा. तिथे २३० केपीए लिहिलं असेल तर ते ३३ पीएसआय, म्हणजे २.३ बार. माणसं आणि सामान भरून जाणार असाल तर मागच्या चाकांचा आकडा वेगळा असतो. गाडी किमान तीन तास उभी असताना मोजा, आणि स्वतःचं गेज ठेवा. पंपावरच्या मीटरमध्ये दोन-तीन पीएसआयचा फरक सर्रास असतो.

मग गाडी उभी, इग्निशन ऑन. स्क्रीन असेल तर व्हेइकल सेटिंगमध्ये टायरचा पर्याय उघडून ‘सेट’ दाबा. काही गाड्यांत बटण असतं, बहुधा स्टिअरिंगच्या खाली किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये. दिवा हळू तीन वेळा लुकलुकेपर्यंत ते दाबून धरायचं. त्यानंतर गाडीला शिकायला वेळ द्या. खडेबाजारच्या गर्दीत ती काही शिकत नाही, हायवेवर वीस-तीस मिनिटं एकसारखी चालवा. टायर बदलले किंवा पुढचे मागे केले की पुन्हा हेच.

बॅटरीची वायर काढून यातलं काही होत नाही. उलट घड्याळ जाईल, काही गाड्यांत काचांचं ऑटो परत सेट करावं लागेल.

निपाणी_टायर
आकडे दाखवणाऱ्या गाड्यांचं (क्रेटासारख्या) वेगळं असतं, तेही इथेच लिहून ठेवतो. त्यांत सेन्सर व्हॉल्व्हलाच जोडलेला, रिमच्या आत असतो. बऱ्याच गाड्यांना रिसेटचं बटणच नाही. हवा बरोबर केली की गाडी थोडा वेळ चालवायची. सेन्सर उभ्या गाडीत झोपलेला असतो, चाक फिरलं की जागा होऊन आकडा पाठवतो आणि दिवा जातो.

चावी फिरवल्यावर दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहिला, तर बिघाड हवेत नाही, सेन्सर बोलत नाहीये. त्याची बॅटरी पाच ते दहा वर्षं टिकते आणि ती सीलबंद असते, म्हणून अख्खा सेन्सरच बदलावा लागतो. आपल्याकडच्या गाड्यांना ४३३ मेगाहर्ट्झचा लागतो. ऑनलाइन स्वस्तात ३१५चा मागवलात तर तो गाडीला ऐकूच येणार नाही. नवा बसवला की बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने नोंदवावा लागतो. स्टेपनीत सेन्सर नसेल तर ती लावल्यावरही हेच दिसतं.

पंक्चरवाल्याला आधीच सांगा, ‘व्हॉल्व्हमध्ये सेन्सर आहे’. बीड (टायरची रिमला धरून बसणारी कडा) व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने फोडायचा, नाहीतर पाना थेट सेन्सरवर बसतो. सीलंटचं पांढरं पाणी घालू नका, त्याने सेन्सरचं भोक बुजतं. व्हॉल्व्ह अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर आतली पिन निकेलचा मुलामा दिलेली, चंदेरी दिसणारी घ्या. पितळी पिन आणि धातूची टोपी आपल्या पावसात गंजून आतच धरते, मग काढताना व्हॉल्व्ह तुटतो.

घाटवाट
चोर्ल्याचं गणित तसं खरं आहे, पण अर्धंच. बेळगाव साधारण ७५० मीटरवर. तिथून समुद्रसपाटीला आलं की बाहेरच्या हवेचा दाब वाढतो, म्हणून गेजवर साधारण सव्वा पीएसआय कमी दिसतो. पण खाली उकाडा असतो. टायर १० अंशांनी तापला की दीडेक पीएसआय वाढतो, म्हणजे घाटाने नेलेलं उकाडा परत देतो. दिवा बहुधा स्टिकरच्या आकड्यापेक्षा २० ते २५ टक्के कमी झाल्यावर लागतो. ३३ असेल तर २५-२६ला. एवढा फरक घाट करू शकत नाही.

खरी गंमत डिसेंबरात होते. दुपारी तापलेल्या टायरात ३३ भरली आणि पहाटे पारा १४-१५वर आला की तीन-चार पीएसआय सहज उतरतात. आधीच कमी असेल तर सकाळी दिवा लागतो आणि गाडी हिंडली की हळूहळू विझतो. असं झालं तर रिसेट करू नका, हवा भरा. नायट्रोजन भरलात तरी यात फरक पडत नाही.

खानापूर_रोड
स्क्रीनवर ‘सेट’चा पर्याय सापडला. आमचा दिवा लुकलुकत नाही, सरळ पेटलेला राहतो.

पाना_पक्कड
मग उद्या सकाळी गार टायरात मोजून सेट करा. त्यानंतर दोन-तीन दिवसांत परत लागला तर एखादं चाक हळू गळतंय. चारही चाकांचे आकडे लिहून ठेवा, जे मागे पडतं ते धरा. साबणाचं पाणी आधी व्हॉल्व्हच्या तोंडाशी, मग रिमच्या कडेला, शेवटी नक्षीत लावून बघा. खिळा निघाला तर आतून मशरूम पॅच (छत्रीच्या आकाराचा, दांडीने भोक बुजवणारा) मारायला सांगा. टायरच्या कुशीत, म्हणजे बाजूच्या भिंतीत असेल तर पॅच नको, टायरच बदला.